शेवटची पाळी कधी आली होती?

मन ठीक नाही असं सांगत कुणी बाई माझ्या दवाखान्यात येत नाही. छातीत धडधडतं, मान धरते, डोकं जड होतं, रात्री अंगातून वाफा निघतात, गाऊन भिजतो आणि मग पहाटेपर्यंत टक्क जाग, असं ती सांगते. कुणी साधं बोललं तरी रडू फुटतं, हे अगदी शेवटी, पर्स खांद्याला अडकवून उठताना सांगते. तेही नवरा शेजारी उभा नसेल तर. कराड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी जनरल प्रॅक्टिस करते. चाळीस ते पंचावन्न वयाच्या बायका येतात तेव्हा बहुतेकींच्या हातात आधीच्या रिपोर्टांची फाइल असते. ईसीजी, टू-डी इको, मानेचा एक्स-रे, एखादीचा मेंदूचा एमआरआयसुद्धा. सगळं नॉर्मल. धडधडीसाठी केलेल्या त्या कागदांवर शेवटची पाळी कधी आली होती, हे सहसा लिहिलेलं नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कागदांवर ती तारीख असते, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये असते. पण ही बाई रात्री किती झोपते, तिला जगावंसं वाटतं का, हे नसतं.

ही दोन्ही उत्तरं एकाच कागदावर आली पाहिजेत, असं मला फार मनापासून वाटतं. ती आली नाहीत की काय होतं, ते मी रोज बघते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. वय 47. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "मॅडम, मला स्मृतिभ्रंश होतोय." सासूबाईंचा तो आजार त्यांनी घरात अनेक वर्षं निभावला होता, त्यामुळे त्या शब्दाची दहशत होती. हजेरी घेताना समोरच्या मुलाचं नाव आठवेना. पोषण आहाराच्या नोंदवहीत तांदळाचा हिशेब चुकला, मुख्याध्यापकांनी विचारलं, तर वर्गातच रडू आलं. पहाटे तीनला दचकून जाग, दरदरून घाम, हातपाय गार, आणि आता आपण जाणार अशी भीती. एका रात्री घरच्यांनी गाडी काढून त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक निघाला. काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका, असं सांगून झोपेची अर्धी गोळी लिहून दिली गेली. अर्धीची पुढे एक झाली.

मी पाळीचं विचारलं तर म्हणाल्या, "येते की! मागच्या महिन्यात दोनदा आली. त्याआधी दोन-अडीच महिने नव्हती."

पाळी येते आहे, म्हणजे पाळी जाण्याशी या त्रासाचा संबंध नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बहुतेक सगळे तसंच धरतात, डॉक्टरही. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणतात. आपल्याकडे ते साधारण 46-47 व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत 51 च्या आसपास. पण मनाला आणि झोपेला खरा दणका बसतो तो त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांत, पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हापासून. या काळात अंडाशयांचं काम हळूहळू, सरळ उताराने कमी होत गेलं असतं तर गोष्ट सोपी होती. तसं होत नाही. इस्ट्रोजेन एखाद्या आठवड्यात नेहमीपेक्षा वर उसळतं, पुढच्या आठवड्यात तळाला जातं. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळते ती बहुधा लाइट गेल्यामुळे नव्हे, व्होल्टेज सारखं वरखाली झाल्यामुळे जळते; तसंच हे आहे. इस्ट्रोजेनचा संबंध फक्त गर्भाशयाशी नसतो. मेंदूतल्या सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन, डोपामिन या रसायनांवर त्याचा हात असतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीर जे एक द्रव्य बनवतं ते मेंदूला शांत ठेवणाऱ्या यंत्रणेला मदत करतं, आणि पाळीत बीज सुटलं नाही की त्याचाही पुरवठा हुकतो. शिवाय मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे ते इस्ट्रोजेन घटल्यावर अतिसावध होतं. अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी घाम फोडतं. तोच वाफारा. तो रात्री दोन-तीन वेळा आला की झोप मोडते, झोप मोडली की दिवसा चिडचिड, विसराळूपणा, रडू. म्हणजे मनावरचा हल्ला दोन बाजूंनी होतो, थेट मेंदूतून आणि मोडलेल्या झोपेतून.

त्या बाईंना मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला सांगितलं. आमच्या भागातल्या कितीतरी बायका पाळीची खूण कालनिर्णयवरच करतात. दुधाचे लिटर, गॅस सिलिंडरची तारीख, भिशीचा नंबर आणि कोपऱ्यात एक बारीक ठिपका. बाईंच्या पानांवर लाल पेनाचे ठिपके होते, शाळेतलंच पेन. दोन ठिपक्यांमधलं अंतर जानेवारीपर्यंत अठ्ठावीस-तीस दिवसांचं होतं आणि मग विसकटलं होतं. त्याच पानांवर पुढचे तीन महिने त्यांनी आणखी तीन खुणा करायच्या ठरवल्या: रात्री वाफा आल्या की व, झोप मोडली की झ, विनाकारण रडू किंवा राग आला की र. तीन महिन्यांनी आम्ही दोघींनी ती पानं टेबलावर पसरली. व आणि झ बहुतेक एकाच चौकोनात होते. र त्यांच्यानंतर एक-दोन दिवसांनी. पाळी लांबलेल्या पंधरवड्यांत तिन्ही अक्षरांची गर्दी, आणि पाळी येऊन गेल्यावर आठ-दहा चौकोन स्वच्छ. आपलं डोकं चाललेलं नाही, याची खात्री बाईंना माझ्या बोलण्यापेक्षा त्या पानांनी जास्त पटवली.

विसरण्याबद्दल त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण ही भीती घरोघरी आहे. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेला 'स्वान' नावाचा एक मोठा अभ्यास आहे. 42 ते 52 वर्षांच्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी त्यात वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. पाळी जाण्याच्या आगेमागे नवीन शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी पूर्ण थांबल्यावर तो पुन्हा पूर्वपदावर येतो, असं त्यात दिसलं. स्मृतिभ्रंशात असं परत येणं नसतं. वाफांचा त्रास ज्यांना वारंवार होतो त्यांच्यातल्या निम्म्या जणींमध्ये तो सात वर्षांहून जास्त टिकतो, हेही याच अभ्यासातून कळलं. दोन-चार महिने सोसा, आपोआप जाईल, हे आपण बायकांना जे सांगत आलो त्याला काही आधार नाही.

नैराश्याचं काय? त्याच अभ्यासाच्या पिट्सबर्गमधल्या 221 स्त्रियांकडे दहा वर्षं बघितलं गेलं, तेव्हा पाळी जाण्याच्या काळात आणि लगेचच्या वर्षांत तीव्र नैराश्याचा झटका येण्याची शक्यता आधीच्या काळापेक्षा दोन ते चार पट दिसली. 2024 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सात अभ्यास एकत्र तपासले. त्यांत रजोनिवृत्तीपूर्वीच्या या अस्थिर काळात नैराश्याच्या लक्षणांची जोखीम सुमारे 40 टक्के जास्त निघाली. पण त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या लेखमालेने बजावलं की रजोनिवृत्ती आली म्हणजे मन बिघडणारच, असं समजू नका. मला दोन्ही म्हणणी पटतात. बहुसंख्य बायका थोडी चिडचिड, थोड्या वाफा यांच्यासह हा काळ पार करतात. धोका जास्त कुणाला, ते बऱ्यापैकी ठाऊक आहे: पूर्वी कधी नैराश्य आलेलं, बाळंतपणानंतर मन ढासळलेलं, दर पाळीआधी जीव नको होणारी, रात्रीच्या वाफांनी झोप उडालेली, आणि ऑपरेशनने पाळी एकाएकी थांबलेली. म्हणून 45 वर्षांच्या बाईला मी तिच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल विचारते. सव्वा महिन्यात कसं वाटायचं? बाळाला घ्यावंसं वाटायचं का? वीस वर्षांत हे कुणी विचारलेलं नसतं. उत्तर मात्र तयार असतं.

जुन्या मानसोपचारात या वयातल्या नैराश्याला स्वतंत्र आजार मानत. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मांडलं, आणि अमेरिकेच्या निदानग्रंथात उतारवयातली उदासी म्हणून त्याला जागाही होती. 1980 च्या आवृत्तीत ते निदान काढून टाकलं. काढलं ते योग्यच, कारण वेगळा आजार असल्याचा पुरावा नव्हता आणि पाळी गेलेली प्रत्येक बाई म्हणजे अर्धी वेडी, असा शिक्का त्यामुळे बसत होता. पण त्याबरोबर पाळीचं विचारायची सवयही मानसोपचारातून बरीचशी गेली, असं माझं मत आहे.

नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ती पोचली आहे. त्यातले चार प्रश्न झोप, थकवा, भूक आणि लक्ष न लागणं यांचे. रात्री वाफांनी जागलेली बाई यांतल्या तीनवर तरी सहज हो म्हणेल. नुसत्या बेरजेवर विसंबलं तर नैराश्य नसताना ते दिसेल. म्हणून मी दोन प्रश्नांवर थांबते. पूर्वी जे आवडायचं, भजनी मंडळ, नातवंडं, मालिका, भिशी, त्यात आता गोडी वाटते का? आणि आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का? वाफांनी थकलेली बाई लेक माहेरी आली की हसते. नैराश्यातली बाई लेक आली तरी कोरडी राहते, आणि आपण सगळ्यांना भार झालो आहोत असं म्हणते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो आलं तर पाळी, वाफा, कालनिर्णय सगळं बाजूला. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो क्रमांक मी केसपेपरवर लिहून देते.

आता उलट बाजू. पन्नाशीच्या एका बाईंना त्यांचे यजमान घेऊन आले. "मॅडम, पाळी जातीय ना, म्हणून जरा तापट झालीय. एखादी ताकदीची गोळी द्या." बाई अखंड बोलत होत्या. घर रंगवायला काढलं होतं, सोनाराकडे गंठण मोडून गावातल्या बचत गटाला मसाल्याचं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं, पहाटे दोनला उठून भांडी घासत होत्या. झोप किती, विचारलं. दोन तास. थकवा? "छे! उलट इतकं छान कधी वाटलंच नव्हतं." झोप नाही आणि थकवाही नाही, ही रजोनिवृत्तीची गोष्ट नव्हे. वाफांनी झोप मोडलेली बाई दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी राहू शकत नाही. हा उन्माद होता. आयुष्यात पहिल्यांदा, पन्नाशीत. कार्डिफ विद्यापीठाने 2024 मध्ये ब्रिटनमधल्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली. पाळी जाण्याच्या आगेमागच्या चार वर्षांत पहिल्यांदा उन्माद होण्याचं प्रमाण आधीच्या प्रजननक्षम काळाच्या दुपटीहून जास्त आढळलं. स्किझोफ्रेनियाचीही बायकांमध्ये 45-50 च्या सुमारास दुसरी लाट येते. अशा वेळी "वयच तसं आहे" म्हणणारे सगळे, नवरा, जाऊ, शेजारीण आणि डॉक्टर, आजाराला महिने बहाल करतात. त्यात नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली तर उन्माद आणखी भडकण्याची भीती असते.

तपासण्यांबद्दल थोडंसं. थायरॉइड कमी पडलं की सुस्ती आणि उदासी, जास्त झालं की धडधड आणि घाम. या वयात जास्त रक्तस्राव झाला की हिमोग्लोबिन उतरतं, मग दम आणि धडधड. बी-12 आमच्या शाकाहारी बायकांत बरेचदा कमी असतं. म्हणून टीएसएच, सीबीसी, बी-12 आणि साखर एवढं मी करून घेते. मोठं हार्मोन प्रोफाइल बहुतेक वेळा नको. 45 च्या पुढच्या बाईला रजोनिवृत्तीच्या निदानासाठी एफएसएच या हार्मोनच्या तपासणीची गरज नाही, असं ब्रिटनचं मार्गदर्शक तत्त्व सांगतं, कारण तो आकडा आठवड्या-आठवड्याला बदलतो. कालनिर्णयवरचे ठिपके त्यापेक्षा जास्त सांगतात, आणि ते फुकट असतात. बारा महिने पाळी नसताना अचानक अंगावरून गेलं तर मात्र ताबडतोब स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यात दिरंगाई नको.

उपचारात सगळ्यात जास्त गोंधळ हार्मोनच्या गोळीबद्दल आहे. 2002 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाच्या भीतीने मध्येच थांबवला गेला आणि जगभर हार्मोन उपचार एका रात्रीत बदनाम झाले. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, हे मागे पडलं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव नसलेल्या बाईला हा उपचार विचारपूर्वक देता येतो, आणि वाफांवर त्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही. त्वचेवर लावायच्या जेलमधून दिलं तर गाठींची जोखीम आणखी कमी. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. शाळेतल्या बाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांनी तेच सुरू केलं, मी झोपेची गोळी दर पंधरवड्याला थोडी थोडी उतरवत बंद केली. ती एकदम थांबवली असती तर झोप आणि धडधड दोन्ही उलटून आली असती. पण तीव्र नैराश्याचं निदान पक्कं असेल, तर त्याला नैराश्याचेच उपचार लागतात, गोळ्या आणि समुपदेशन. हार्मोन त्यांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला. काही नैराश्यविरोधी गोळ्या, उदाहरणार्थ व्हेन्लाफॅक्सिन, वाफाही कमी करतात. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांना त्या उपयोगी. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन टाळतात, कारण ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटवतं. आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा, असं मी म्हणते ते यासाठी.

दिवाळी झाली की आमच्या कारखान्यांवर ऊसतोड टोळ्या येतात. बीड, आष्टी, पाटोद्याकडच्या. फडाजवळ पाचटाच्या कोप्या पडतात, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर त्या बायका दवाखान्यात येतात. तिशीतली बाई सांगते, वाफा येतात, झोप नाही, कोयता हातात घेतला की रडू येतं, पोरांवर हात उचलते. पाळी? "पिशवी काढलीय." कधी? धाकटा रांगत होता तेव्हा.

बीड जिल्ह्यातलं हे प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं तीच: पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, अंगावरून पांढरं जाणं थांबत नाही, आणि कर्करोग होईल अशी घातलेली भीती. त्या आकड्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या बायकांच्या मनाचं पुढे काय झालं, याबद्दल फार थोडं. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील तर जी गोष्ट निसर्ग काही वर्षांत करतो ती एका दिवसात होते. तिसाव्या वर्षी आलेली ही रजोनिवृत्ती वाफा आणते, झोप नेते, नैराश्य आणि घबराटीची जोखीम वाढवते, हाडं ठिसूळ करते, हृदयविकाराचा धोका वाढवते. अंडाशयं ठेवली असतील तर तेवढं नुकसान होत नाही. पण पाळीच नसल्यामुळे पुढे चाळिशीत शरीर कुठल्या टप्प्यावर आहे हे ना तिला कळतं ना डॉक्टरला. ठिपका टाकायला काही उरत नाही.

म्हणून मी डिस्चार्ज कार्ड मागते. बहुतेकींकडे नसतं. असलं तर पावसात भिजलेलं, त्यावर ऑपरेशनचं नाव आणि तारीख. अंडाशयं ठेवली की काढली, याचा एका शब्दाने उल्लेख नसतो. मग सोनोग्राफीला पाठवायचं, म्हणजे तिचा एक दिवसाचा खाडा. दोन्ही नाहीत असं निघालं आणि बाकी काही अडचण नसली, तर अशा बाईला पाळी नैसर्गिकरीत्या गेली असती त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असा सर्वमान्य सल्ला आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही. आणि मनाचे ते दोन प्रश्न दर भेटीला. टोळी मार्च-एप्रिलमध्ये परत गेली की उपचार तुटतो, म्हणून मी मराठीत एक चिठ्ठी लिहून देते: वय, ऑपरेशनचं साल, अंडाशयं नाहीत, कोणती गोळी किती दिवस, झोप कशी, मरणाचे विचार आहेत की नाहीत. ती तिने गावाकडच्या उपकेंद्रात आशाताईंना दाखवायची.

गर्भाशय काढणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने डिस्चार्ज कार्डावर 'उजवं अंडाशय, डावं अंडाशय' एवढ्या दोन रकान्यांत ठेवलं की काढलं हे मराठीत लिहिलं पाहिजे, आणि हे सक्तीचं झालं पाहिजे. नवीन यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. ज्या बायकांची ऑपरेशनं होऊन गेली आहेत त्यांनी जिथे ऑपरेशन झालं तिथे जाऊन स्वतःचे कागद मागावेत. वैद्यकीय कागदपत्रांची प्रत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. एकटीला जमत नसेल तर टोळीतल्या चौघींनी मिळून जावं.